क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवताना: प्राणी कसे शोधायचे, गाडी कुठे थांबवायची, फोटो कसा घ्यायचा

ताडोबात किंवा पेंचमध्ये जिप्सीत बसलं की शोधाशोध गाइड आणि चालक करतात, आपण कॅमेरा सांभाळायचा. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात भाड्याची साधी कार घेऊन फाटकातून आत शिरलात की चालक तुम्ही आणि गाइडही तुम्हीच. उद्यान जवळपास २० हजार चौरस किलोमीटरचं, दक्षिणोत्तर साधारण ३५० किलोमीटर लांब. त्यातला तुम्हाला दिसणार तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा, तोही झाडी जितकी मोकळी असेल तितकाच. रस्ता सोडून गाडी आत घालायची नाही, ठरवून दिलेल्या जागांखेरीज खाली उतरायचं नाही, खिडकीतून डोकं-हात बाहेर काढायचे नाहीत. मग हातात उरतं काय? गाडीचा वेग, थांबायची जागा आणि थांबून राहायची चिकाटी. पहिल्यांदा जाणारे लेन्सवर भरपूर खर्च करतात आणि या तीन गोष्टींचा विचारच करत नाहीत. साइटिंग (प्राणी दिसणं) आणि फोटो, दोन्ही तिथेच हुकतात.

ऋतू, मुक्काम, अंतरं

मे ते सप्टेंबर हा कोरडा हिवाळा. गवत वाळून खाली बसतं, झुडपांची पानं झडतात, पाणी नद्यांत आणि मोजक्या पाणवठ्यांवर उरतं. सस्तन प्राणी पाहायचे तर हाच काळ, त्यातही ऑगस्ट-सप्टेंबर. पहाटे मात्र चांगलीच थंडी असते आणि खिडकी उघडी ठेवून बसायचं असतं. कानटोपी आणि बोटं मोकळी ठेवणारे हातमोजे न्या. नोव्हेंबर ते मार्च पाऊस आणि उकाडा एकत्र येतात. हिरवळ असते, इंपाला या हरणांची नवजात पिल्लं असतात, स्थलांतर करून आलेले पक्षी असतात. पण गवत इतकं वाढलेलं असतं की दहा मीटरवर आडवा पडलेला सिंहही दिसत नाही. पक्ष्यांसाठी जायचं असेल तर उन्हाळा निवडा. बाकी सगळ्यांसाठी हिवाळा.

ऑलिफंट्स नदीच्या उत्तरेला मैलोन्‌मैल मोपानीची झाडी आहे. शांत आणि सुंदर भाग, पण शिकारी प्राणी तिथे कमी दिसतात. पहिल्या फेरीला दक्षिण आणि मध्य भागच ठेवा. उद्यानाच्या पश्चिम अंगाला ग्रॅनाइट आहे आणि पूर्वेला बसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा काळा दगड. बसॉल्टवरच्या मातीत पौष्टिक गवत येतं आणि मोकळी मैदानं तयार होतात. तिथे झेब्रे आणि वाइल्डबीस्ट चरतात, म्हणून त्यांच्या मागे सिंह आणि चित्ते. या पट्ट्यातल्या मोठ्या कॅम्पचं नाव सातारा आहे. हो, खरंच.

सहा रात्रींचा आराखडा असा: क्रोकोडाइल ब्रिज फाटकातून आत, लोअर साबी कॅम्पला दोन रात्री, स्कुकुझा कॅम्पला एक, साताऱ्याला तीन आणि ऑर्पेन फाटकातून बाहेर. क्रोकोडाइल ब्रिज ते लोअर साबी सुमारे ३४ किलोमीटर, तिथून स्कुकुझा सुमारे ४५, स्कुकुझा ते सातारा ९० च्या आसपास, सातारा ते ऑर्पेन ४८. आकडे किरकोळ वाटतात. पण डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० आणि कच्च्यावर ४० किलोमीटर, आणि नीट बघत गेलात तर थांबे धरून सरासरी २० ते २५ च्या वर जात नाही. दिवसाला १०० ते १२० किलोमीटर पुरे. त्याहून जास्त आखलंत तर संध्याकाळी फाटक गाठण्याच्या घाईत चांगली साइटिंग सोडून पळावं लागतं, कारण उशीर झाला की दंड होतो.

मुक्काम उद्यानाच्या आतच हवा. नोव्हेंबर ते जानेवारीत कॅम्पची फाटकं पहाटे ४.३० ला उघडतात, बाहेरची प्रवेशद्वारं ५.३० ला. बाहेर राहणाऱ्याचा दिवसातला सर्वांत मोलाचा तास रांगेत जातो. जून-जुलैत वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ५.३० असते, म्हणजे सूर्य उगवायच्या थोडं आधी तुम्ही रस्त्यावर असता. वेळा महिन्यागणिक बदलतात. आरक्षण करताना त्या त्या महिन्याच्या तपासा. कॅम्पमधल्या खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात, तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांत तर फारच.

हा भाग मलेरियाचा आहे. प्रतिबंधक गोळ्यांबद्दल निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जात असाल तर यलो फीव्हरच्या लशीचा दाखला लागतो का, तेही त्याच वेळी पाहा.

गाडी निवडताना

रस्त्याची डावी बाजू, उजवीकडे स्टेअरिंग, सगळं आपल्यासारखंच. फोर-व्हील ड्राइव्हची गरज नाही; डांबरी आणि बहुतेक कच्चे रस्ते साध्या कारला जमतात. उंच गाडीतून गवतापलीकडचं दिसतं, म्हणजे शोधायला ती चांगली. फोटोला मात्र बुटकी गाडी बरी, कारण कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीजवळ येतो. एकच घ्यायची तर मध्यम उंचीची एसयूव्ही घ्या.

गाडी ताब्यात घेताना लोक पेट्रोल आणि ओरखडे बघतात. तुम्ही आणखी दोन गोष्टी बघा: मागच्या खिडक्यांच्या काचा पूर्ण खाली जातात का (बऱ्याच गाड्यांत अर्ध्यावर अडकतात) आणि स्टेपनीत हवा आहे का. मागच्या काचांवर काळी फिल्म असेल तर आतून शोधणंही अवघड जातं. समोरची काच रोज रात्री आतून-बाहेरून पुसा. सकाळचा सूर्य समोर आला की धुळकट काचेतून काहीही दिसत नाही.

दोघंच असाल तर एकाने चालवावं आणि फोटो काढणाऱ्याने मागच्या बाकावर एकट्याने बसावं. तो डावीकडून उजवीकडे सरकू शकतो, दोन्ही खिडक्या त्याच्या. शेजारी बसलेल्या फोटोग्राफरला उजवीकडचा प्राणी चालकाच्या नाकासमोरून टिपावा लागतो.

जोहान्सबर्गहून दक्षिणेच्या फाटकांपर्यंत चार-पाच तास लागतात. अंधार पडल्यावर त्या रस्त्याने येऊ नका. विमान दुपारी उतरत असेल तर रात्र वाटेत काढा.

कसं बघायचं

ताशी २० ते २५ किलोमीटर. ४० च्या वेगात फक्त हत्ती, जिराफ आणि समोर थांबलेल्या गाड्या दिसतात. चालकाने रस्ता आणि कडेचे पहिले दहा मीटर बघायचे. बाकीच्यांनी एकेक बाजू वाटून घ्यायची आणि समोरच्याच्या बाजूला डोकावायचं नाही. सगळे एकाच हत्तीकडे बघत असताना मागून बिबट्या रस्ता ओलांडून जातो.

झुडपाकडे बघू नका, झुडपातून पलीकडे बघा. नजर मुद्दाम दूरवर टाकली की जवळच्या फांद्या धूसर होतात आणि मधल्या फटीत जे असेल ते दिसू लागतं. रान उभ्या रेघांनी भरलेलं असतं, म्हणून आडवी रेघ शोधा: पाठ, पोट, आडव्या फांदीवर पसरलेलं अंग. पूर्ण प्राणी सहसा दिसत नाहीच. हलणारा कान दिसतो, शेपटीचा गोंडा, पांढरट पोट. दुपारी प्रत्येक गडद सावलीचा तळ बघा. मोठ्या झाडाखालून गाडी पुढे गेली की एकदा मागे वळून बघा, कारण मागच्या बाजूने सावली वेगळी दिसते.

कोरड्या नद्या आणि ओढे ही जनावरांची वाट असते. पूल किंवा फरशी आली की इंजिन बंद करून दोन मिनिटं थांबा आणि दोन्ही बाजूंची वाळू दुर्बिणीने टोकापर्यंत बघा. दुर्बीण ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं), माणशी एक. काही मोठ्या पुलांवर पिवळ्या पट्ट्यांच्या मधल्या भागात खाली उतरायला परवानगी आहे. पाय मोकळे करायला आणि नदी न्याहाळायला त्यासारखी जागा नाही.

रस्त्याखालच्या मोऱ्या चुकवू नका. क्रुगरमधल्या तरसांना त्यातले पाइप बिळं म्हणून फार सोयीचे वाटतात. पहाटे आणि सूर्य मावळताना काळसर पिल्लं तोंडाशी येऊन बसतात, गाडीला घाबरत नाहीत आणि तासभर खेळतात. चौकशी करून तरसांच्या वापरातली एक मोरी सापडली की रोज सकाळी तिथूनच सुरुवात करा.

खडकाळ टेकड्यांचे माथे सकाळी पहिल्या उन्हात तपासा. क्लिपस्प्रिंगर ही खडकांवरची छोटी हरणं हमखास असतात, कधी बिबट्याही ऊन खात बसलेला असतो.

इतरांचे डोळे वापरा

चितळ-सांबराचे धोक्याचे कॉल ज्यांना कळतात त्यांना इथे फक्त पात्रं बदलावी लागतात. इंपाला नाकातून फुरफुरतो. एकाच इंपालाचा एखादा आवाज म्हणजे फारसं काही नाही. चरणं थांबवून सगळा कळप एकाच दिशेला टक लावून बघत असेल आणि फुरफुर थांबतच नसेल, तर तिकडे काहीतरी आहे. एप्रिल-मेमध्ये नर माजावर असताना मात्र दिवसभर घोरल्यासारखे ओरडत एकमेकांच्या मागे धावतात. त्याला अलार्म समजून तासभर थांबणारे बरेच. जिराफाची उंची सगळ्यांत कामाची: तो पानं खायचं सोडून एका जागी बघत उभा राहिला तर त्याच्या नजरेची रेघ पकडा आणि जमिनीवर कुठे टेकते ते बघा. बबूनची खणखणीत भुंक आणि व्हर्वेट माकडांची झाडाच्या शेंड्यावरून किटकिट ही बिबट्याची चांगली खूण. खारीची न थांबणारी चिडचिड मात्र साप किंवा मुंगूस असल्यानेही होते.

गिधाडं उंच घिरट्या घालत असतील तर ती फक्त तापलेल्या हवेवर तरंगताहेत, त्यांच्या मागे धावू नका. पाय सोडून सरळ खाली उतरत असतील तर तिथे मृत जनावर आहे. उतरून जमिनीवर न जाता झाडांवरच बसली असतील तर शिकार अजून सिंहाच्या ताब्यात असण्याची शक्यता आहे. पण ही खूण सकाळी नऊनंतरची. जमीन तापेपर्यंत गिधाडांना उडणं जड जातं, त्यामुळे पहाटे झाडावर बसलेली गिधाडं रात्रीची मुक्कामी असू शकतात.

कच्च्या रस्त्यावर ताजे ठसे शोधा. मांजरकुळाच्या ठशात नखं उमटत नाहीत आणि टाचेच्या गादीला मागे तीन गोलसर फुगवटे असतात. तरसाची आणि रानकुत्र्याची नखं उमटतात, आणि चित्त्याचीही, कारण त्याची नखं पूर्ण आत जात नाहीत. सिंहाचा ठसा १२ सेंटिमीटरच्या आसपास, बिबट्याचा आठ-नऊ. ठशावर टायरची खूण असेल तर जनावर आधी गेलंय. ठसा टायरच्या खुणेवर असेल तर शेवटच्या गाडीनंतर. वेग कमी करा.

कॅम्पमध्ये पहाटे जाग आली की दिवा न लावता पाच मिनिटं ऐका. शांत हवेत सिंहाची डरकाळी कित्येक किलोमीटर येते. दिशा लक्षात ठेवा आणि फाटक उघडल्यावर तिकडे जाणारा रस्ता पकडा. हिवाळ्यात सिंह आणि रानकुत्रे रात्रीची ऊब धरून राहिलेल्या डांबरावर येऊन पडतात, म्हणून पहिल्या तासात डांबरी रस्ताही वाईट नाही. बिबट्यासाठी साबी नदीकाठचा एच ४-१ हा रस्ता, तिथल्या अंजिराच्या आणि जॅकलबेरीच्या आडव्या फांद्यांसकट. फांदीखाली लोंबणारी शेपूट शोधा, अंग पानांत लपलेलं असतं. याच रस्त्यावर गर्दीही सगळ्यांत जास्त. चित्ता दिवसा शिकार करतो आणि वारुळावर चढून टेहळणी करतो. साताऱ्याच्या आसपास आणि ऑर्पेनकडे जाणाऱ्या एच ७ रस्त्यावर प्रत्येक वारुळाचा माथा दुर्बिणीने बघा.

समोरून येणाऱ्या गाडीला हात करून काय दिसलं ते विचारणं इथे शिष्टाचारात बसतं. जागा विचारताना फाट्यापासूनचे किलोमीटर विचारा, 'पुढे थोड्या अंतरावर' याचा काही उपयोग नाही. गेंड्याची जागा मात्र कुणाला सांगू नका, कॅम्पमधल्या साइटिंगच्या फलकावर किंवा ॲपवर टाकू नका आणि फोटो पाठवण्याआधी त्यातलं जीपीएस काढा. शिकारी टोळ्यांना तेवढं पुरतं. बऱ्याच गेंड्यांची शिंगं उद्यानाने स्वतःच कापलेली दिसतील, तीही याच कारणाने.

सूर्य उत्तरेला असतो

भारतातून जाणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते. क्रुगर दक्षिण गोलार्धात आहे. हिवाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो, दिवसभर उत्तरेकडून फिरतो आणि वायव्येला मावळतो. म्हणजे पूर्व-पश्चिम रस्त्यावर दक्षिणेच्या बाजूचे प्राणी उजळलेले मिळतात आणि उत्तरेकडचे सावलीत. दक्षिणोत्तर रस्त्यावर सकाळी पश्चिमेची बाजू उजळते, संध्याकाळी पूर्वेची.

एकटेच चालवत असाल तर तुमची खिडकी उजवी. सकाळी दक्षिणेकडे तोंड करून निघालात तर उजवी बाजू पश्चिम, आणि प्रकाश तुमच्या पाठीमागून. संध्याकाळी उत्तरेकडे परतताना उजवी बाजू पूर्व, पुन्हा प्रकाश पाठीमागून. साताऱ्याहून सकाळी एच १-३ रस्त्याने दक्षिणेला त्शोक्वाने या पिकनिक स्पॉटच्या दिशेने खाली जायचं आणि दुपारनंतर त्याच रस्त्याने वर यायचं, हा बेत म्हणूनच बसतो. साताऱ्याचाच एस १०० हा सिंहांसाठी नावाजलेला कच्चा रस्ता पूर्वेकडे जातो. पहाटे तिथे सगळे धावतात आणि सूर्य थेट डोळ्यांत घेऊन गाडी चालवतात. शोधायला पहाटे जा, फोटोला चारनंतर.

थांबायची पद्धत

साइटिंग बिघडते ती शेवटच्या ५० मीटरमध्ये. क्रम असा ठेवा.

१. प्राणी दिसला की आरशात बघा, मग हळू ब्रेक. मागे गाडी असते हे उत्साहात विसरायला होतं.

२. चाळीस-पन्नास मीटर आधीच एकदा पूर्ण थांबा. तो कुठे निघालाय, ऊन कुठून येतंय, त्याच्या मागे काय आहे आणि झुडपांत मोकळी फट कुठे आहे, हे इथेच ठरवा. काच इथेच खाली करा, लेन्स इथेच बीनबॅगवर (खिडकीच्या कडेवर टाकायची, कडधान्याने भरलेली आधाराची पिशवी) ठेवा. प्राण्यासमोर जाऊन काचेची मोटर घरघरली आणि आत हालचाल झाली की तो उठतो.

३. लांबूनच एक फोटो घेऊन ठेवा. पुढे काहीच मिळालं नाही तरी तो राहतो.

४. चालण्याच्या वेगाने ठरवलेल्या जागी या आणि एकदाच थांबा. दहादा पुढे-मागे करणारी गाडी जनावराला सर्वांत जास्त त्रास देते आणि बाकीच्या गाड्यांनाही.

५. इंजिन बंद. चालू इंजिनाचा कंप बीनबॅगमधून लेन्सपर्यंत पोहोचतो. हत्ती हा अपवाद, त्याबद्दल खाली.

६. कुजबुजीत बोला. कान तुमच्याकडे वळले, चरणं किंवा चाटणं थांबलं तर पूर्ण स्तब्ध राहा. बहुतेक वेळा मिनिटभरात तो आपल्या कामाला लागतो.

चालत्या बिबट्याच्या मागे गाडी हळूहळू लोटत राहण्यात अर्थ नाही, पाठीचेच फोटो मिळतात. तो रस्त्याला समांतर चालला असेल तर पुढे निघून ५०-६० मीटरवर थांबा आणि त्याला येऊ द्या. तो रस्ता ओलांडणार असं दिसलं तर त्याच्यासाठी जागा मोकळी सोडा. गाड्यांची भिंत झाली की तो मागे फिरतो आणि मग कुणालाच दिसत नाही.

पाणवठ्यावर किमान पाऊण तास द्या. पाच मिनिटांत 'काहीच नाही' म्हणून निघणाऱ्या गाड्यांच्या मागोमाग कळप येतात. लोअर साबीजवळचं सनसेट डॅम पाणघोडे, मगरी आणि करकोच्यांसाठी. स्कुकुझाजवळचं लेक पॅनिक हे लपणगृह धीवर आणि बगळ्यांसाठी. लेक पॅनिकला बाकावर बसून फोटो काढता येतात. तिथे फोन बंद आणि आवाज शून्य.

हत्ती

वाघ-सिंहाची भीती घेऊन गेलेल्यांनी इथे खरं भान हत्तीचं ठेवायचं. मदावर आलेल्या नराच्या कानशिलातून स्राव ओघळलेला असतो, मागचे पाय आतून लघवीने ओले, वास उग्र, चाल ठाम. असा नर रस्त्यावरून समोर येत असेल तर किमान १०० मीटर अंतर राखा, इंजिन चालू ठेवा आणि तो येईल तसं मागे घेत राहा. बाजूने निसटायचा प्रयत्न करू नका. पिल्लांसह कळप असेल तर ५० मीटर, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कळप वाटलेला असेल तर मध्ये शिरायचंच नाही. आई आणि पिल्लू यांच्यामध्ये आलेली गाडी हे अपघाताचं नेहमीचं कारण आहे. डोकं झटकणं, कान ताणून उभं राहणं, सोंड उंच करून वास घेणं हे इशारे. तेव्हाच सावकाश मागे सरका. हॉर्न नाही, इंजिनाची घरघर वाढवणं नाही. मागे दुसरी गाडी चिकटून उभी असेल तर तुमची परतीची वाट बंद आहे हे आधी ओळखा आणि पुढे जाऊच नका.

कॅमेरा आणि लेन्स

१००-४०० किंवा १५०-६०० मिलिमीटर वर्गातली झूम लेन्स पुरेशी. हत्ती, जिराफ, आणि गाडीला लागून चालणारा सिंह यांना ४०० जास्तच होतं, म्हणून दुसऱ्या कॅमेऱ्यावर २४-१०५ सारखी लेन्स किंवा निदान चांगला फोन तयार ठेवा. धुळीत लेन्स बदलत बसू नका. उशीच्या अभ्र्यात कॅमेरा झाकून मांडीवर ठेवणं हे बॅगेपेक्षा जलद. समोरून गाडी आली की काच वर, धूळ बसली की पुन्हा खाली. लेन्सवर धूळ असताना आधी फुंकणी, मग ब्रश, कापड शेवटी. कोरड्या कापडाने मुरमाची धूळ घासली की कोटिंगवर ओरखडे उठतात.

बीनबॅग रिकामी न्या आणि तिथल्या किराणा दुकानात दोन-तीन किलो सुकी कडधान्यं घेऊन भरा. घरून बियाणं-धान्य नेलंत तर विमानतळावर अडवू शकतात. पिशवी दोन तृतीयांशच भरा. ठासून भरली की चेंडू होतो आणि लेन्स गडगडते. खिडकीच्या कडेवर टाकून तळहाताने मधे खोबण करायची, लेन्सचा पुढचा भाग त्यात.

सेटिंगचा पाया: मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो), अपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र सर्वांत मोठं (एफ/५.६, एफ/६.३ जे असेल ते), सततचा फोकस, प्राण्याच्या डोळ्याचा ओळख-फोकस चालू, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). हलवायचा फक्त शटर स्पीड. बसलेल्या प्राण्याला १/५०० सेकंद, चालत्याला १/१०००, धावणाऱ्याला १/२०००, उडत्या पक्ष्याला १/२५०० किंवा जास्त. पहाटे ६ वाजता १/५०० ला आयएसओ ६४०० ते १२८०० वर जाईल, जाऊ द्या. जास्त आयएसओने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही. आपल्याकडे आयएसओला घाबरून पहाटेचे निम्मे फोटो हलवणारे पुष्कळ.

एक्स्पोजरमध्ये (फोटो किती उजळ येणार यात) कॅमेरा तीन ठिकाणी फसतो. चौकटभर काळी रानम्हैस किंवा हत्ती असला तर कॅमेरा फोटो जास्त उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७. उजळ आकाशावरचा पक्षी काळा पडतो, त्याला अधिक १ ते १.७. गडद पाण्यावरचा पांढरा बगळा जळतो, उणे १. धूळ उडवत येणारा कळप सूर्याच्या बाजूने मिळाला तर उणे १ वर ठेवा, कडा सोनेरी येतात. समोरून उजेड नाही म्हणून तो प्रसंग सोडू नका.

गवताआडच्या सिंहावर डोळा-फोकस गवताच्या पात्यांनाच पकडतो. अशा वेळी एकच लहान बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर घेतला तर एकदा पकडलेला फोकस पुन्हा निसटत नाही. हा बदल घरी महिनाभर आधी करा, अंगठ्याला सवय लागायला वेळ लागतो.

फोटो मऊ (अस्पष्ट) आला तर स्क्रीनवर मोठा करून कारण ओळखा, कारण उपाय वेगळे आहेत. सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतंय: कॅमेरा हलला, शटर वाढवा, इंजिन बंद आहे का बघा. प्राणी मऊ पण पुढचं गवत किंवा मागची माती रेखीव: फोकस चुकला. काहीच रेखीव नाही, कडा वितळल्यासारख्या आणि लागोपाठच्या फोटोंत वेगवेगळ्या: तापलेल्या हवेची थरथर. हिच्यावर कुठलीही लेन्स चालत नाही. सकाळी नऊनंतर दूरचे फोटो सोडून द्या आणि २०-३० मीटरमधलेच घ्या. स्वतःच्या तापलेल्या बॉनेटवरून कधी नेम धरू नका. एसीने थंड झालेल्या गाडीची काच उघडल्यावरही खिडकीतच थंड-गरम हवा मिसळून हीच थरथर होते. फोटोच्या वेळेत एसी बंद आणि काचा उघड्या ठेवणं हा तिचा उपाय.

बाकीचं, थोडक्यात

सकाळचा फेरा फाटक उघडताच सुरू, दहापर्यंत. मग पिकनिक स्पॉटवर खाणं आणि स्वच्छतागृह, दुपारी कॅम्पमध्ये झोप, तीननंतर पुन्हा बाहेर. पाणी माणशी दोन लिटर. टाकी अर्ध्यावर आली की कॅम्पमधल्या पंपावर भरा. पंक्चर झालं तर परवान्याच्या कागदावरच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा, उतरून जॅक लावायला बसू नका. नेटवर्क नसेल तर पुढच्या गाडीबरोबर निरोप द्या. कॅम्पमध्ये ओट्यावर खाणं ठेवलं की व्हर्वेट माकडं दोन मिनिटांत नेतात. फ्रिजला कडी असेल तर ती लावा.

मुंबईतून निघताना महागड्या कॅमेऱ्यांचा कस्टम्सकडून एक्स्पोर्ट दाखला घ्या, परतताना प्रश्न येत नाही. सीरियल नंबरांची यादी वेगळी ठेवा. लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात.

चार्जिंगसाठी एक फुकटची सोय आपल्याकडे आहे. कॅम्पमधली नेहमीची सॉकेट गोल जाड तीन पिनांची असतात, म्हणजे आपल्या गीझर-एसीच्या १६ अँपिअरच्या प्लगसारखी. तसा प्लग असलेला चार सॉकेटचा एक्स्टेन्शन बोर्ड घरूनच नेला की ॲडॉप्टर विकत घ्यावा लागत नाही. कुठे नव्या पद्धतीचं लहान सॉकेट निघालंच, तर त्यासाठी गाडीतला १२ व्होल्टचा चार्जर जवळ असू द्या. रोज रात्री कार्डातले फोटो दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, एक खोलीत आणि एक अंगावरच्या पिशवीत, आणि दोन्हींवर फोटो उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका.